शिंगाच्या मापावर ट्रॉफी फी: दरपत्रक कोणत्या क्रमाने तयार करावं

शिकार सफारीत पाहुणा टिपलेल्या प्रत्येक जनावरामागे ट्रॉफी फी देतो, आणि त्या पैशाचा वाद बहुतेक वेळा एकाच जागी पेटतो. जनावर पडलेलं असतं, ते स्किनिंग शेडमध्ये, म्हणजे कातडी काढायच्या जागी, आणलेलं असतं आणि कुणीतरी खिशातून टेप काढतं. पाहुणा म्हणतो ५३ इंच, प्रोफेशनल हंटर म्हणजे पीएच म्हणतो ५४, आणि जमीनमालकाच्या वहीत ५५ लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे तिघांचीही मापं बरोबर असू शकतात, कारण तिघांनी तीन वेगळ्या ठिकाणांहून मोजायला सुरुवात केलेली असते. मात्र त्या एका इंचावर फी शेकडो डॉलरने बदलणार असते.

चूक टेपमध्ये नसते, कामाच्या क्रमात असते. बहुतेक जण शेजारच्या फार्मचं दरपत्रक उघडतात, त्यात थोडी कमी-जास्त करून किंमत ठरवतात, मग स्लॅब (मापाचे टप्पे, प्रत्येकाला वेगळी फी) पाडतात आणि मोजायचं कसं हा विचार पहिला वाद झाल्यावर करतात. हे सगळं उलटं करायला हवं. आधी कोणत्या प्राण्याला स्लॅब लावायचे ते ठरवा, मग मोजायची पद्धत, मग स्वतःच्या जुन्या नोंदी, मग स्लॅबच्या सीमा आणि त्यानंतर किंमत. हा लेख त्याच क्रमाने जातो. उदाहरणं मुख्यतः दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या गेम फार्मची, म्हणजे शिकारीसाठी रानटी जनावरं राखलेल्या जमिनींची, आहेत. हंगेरीत शिंगं वजनावर विकली जातात, त्यामुळे तिथला हिशेब शेवटाकडे वेगळा दिला आहे.

शिकार असावी की नसावी हा प्रश्न मोठा आहे, पण तो इथला नाही. तुम्ही आउटफिटरकडे, म्हणजे शिकार सफारी आयोजित करणाऱ्याकडे, काम करत असाल, पुण्यात बसून एखाद्या परदेशी सफारी कंपनीचं बुकिंग आणि हिशेब सांभाळत असाल किंवा पाहुणा म्हणून असं दरपत्रक वाचत असाल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

## तयारी: टेबलावर काय काय हवं

दर ठरवायला बसण्याआधी पाच गोष्टी समोर ठेवा. पहिली, गेल्या तीन-चार हंगामांत तुमच्याकडे टिपलेल्या प्रत्येक ट्रॉफीचं (शिंगं, सुळे यांसारख्या शिकारीच्या आठवणीचं) माप. दुसरी, त्याच ट्रॉफीबद्दल गोळी झाडण्याआधी पीएचने सांगितलेला अंदाज, तो लिहून ठेवला असेल तर. तिसरी, जमीनमालकाशी झालेला करार, कारण आउटफिटर अनेकदा दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार नेतो आणि मालकाला प्रत्येक जनावरामागे पैसे देतो. चौथी, त्या वर्षीचे परवाने आणि कोटा. पाचवी, तुमचं सध्याचं दरपत्रक, त्यातल्या बारीक अक्षरांतल्या अटींसह.

पहिल्या दोन गोष्टी नसतील तर या हंगामात स्लॅब लावूच नका. सरसकट फी ठेवा आणि नोंदी सुरू करा. अंदाजावर पाडलेले स्लॅब पुढे तुम्हालाच छळतात.

## १. कोणत्या प्राण्याला स्लॅब लावायचे

सगळ्या प्राण्यांना स्लॅब लावायचा मोह टाळा. इम्पाला, स्प्रिंगबॉक, ब्लेसबॉक, विल्डबीस्ट या हरिणासारख्या प्राण्यांना सरसकट फी ठेवा. त्यांच्या एक-दोन इंचांच्या फरकाची किंमत इतकी कमी असते की मोजणी आणि वादातच ती संपते. वॉर्टहॉग या आफ्रिकी रानडुकराचा सुळा काही भाग जबड्यात लपलेला असतो. तो काढल्याशिवाय खरी लांबी कळत नाही, त्यामुळे पाहुणा गोळी झाडताना कोणत्या स्लॅबला होकार देतोय हे कुणालाच ठाऊक नसतं. तिथेही सरसकट फीच बरी.

कुडू, सेबल (दोन्ही लांब शिंगांचे, हरिणासारखे प्राणी) आणि केप बफेलो म्हणजे आफ्रिकी रानम्हैस यांना स्लॅब लावण्यात अर्थ आहे. मापातला फरक मोठा असतो, पाहुणा त्यासाठी खरोखर जास्त मोजतो आणि अनुभवी पीएचला दुर्बिणीतून बऱ्यापैकी अंदाज येतो. झिंबाब्वेत हत्तीची फी सुळ्याच्या वजनानुसार, पौंडांत, ठरवायची पद्धत आहे. तिथे वजन जड सुळ्याचं धरायचं की दोघांची सरासरी, हे लिहिलेलं नसेल तर बाकी सगळं काम वाया जातं.

गेम्सबॉक या लांब सरळ शिंगांच्या प्राण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. यात मादीची शिंगं सहसा नरापेक्षा लांब आणि बारीक असतात. तुम्ही लांबीवर स्लॅब लावला की मादी नरापेक्षा महाग ठरते, आणि पीएच नकळत पाहुण्याला कळपातल्या माद्यांकडे नेऊ लागतो. गेम्सबॉकला एकतर सरसकट फी ठेवा किंवा नर-मादीचे दर वेगळे करा.

सिंहाला आकाराचा स्लॅब लावूच नये. तिथे वय हाच निकष हवा. टांझानियात सहा वर्षांच्या आतला सिंह टिपायचा नाही असा दंडक आहे, आणि तो आयाळीच्या लांबीवरून पाळता येत नाही.

सावधान: सेबल, गेम्सबॉक, बफेलो यांची शिंगं म्हातारपणी टोकाला झिजतात. कळपातून काढायला योग्य असलेला म्हातारा नर मापात लहान भरतो आणि भर जवानीतला नर मोठा. फक्त लांबीवर फी ठेवली की तरणा नर सर्वांत महाग आणि म्हणून सर्वांत हवासा ठरतो. यावरचा उपाय पाचव्या टप्प्यात आहे.

## २. मोजण्याची पद्धत आधी, आकडा नंतर

आफ्रिकेत दोन पद्धती चालतात, दोन्ही ट्रॉफींच्या रेकॉर्डचं पुस्तक ठेवणाऱ्यांच्या: रोलँड वॉर्ड आणि सफारी क्लब इंटरनॅशनल, म्हणजे एससीआय. दोन्ही इंचांतच बोलतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

कुडूचं उदाहरण घ्या. डावं शिंग पिळाच्या कडेवरून ५४ इंच, उजवं ५३ १/२, आणि दोन्ही बुडांचा घेर ११-११ इंच. रोलँड वॉर्डमध्ये लांब शिंगाची लांबी धरतात, म्हणून हा कुडू ५४ चा. एससीआयमध्ये दोन्ही लांब्या आणि दोन्ही घेर मिळवतात, म्हणून तोच कुडू १२९ १/२ चा. एका कागदावर "१२० इंचांवर" आणि दुसऱ्यावर "५२ इंचांवर" असं असेल तर दोन्ही वाक्यं एकाच जनावराबद्दल असू शकतात. बफेलोत फरक आणखी मोठा आहे. रोलँड वॉर्ड शिंगांचा बाहेरून बाहेर सर्वाधिक पसारा मोजते. एससीआय एका टोकापासून वळणावरून, कपाळावरच्या जाड गादीवरून दुसऱ्या टोकापर्यंत टेप नेते आणि त्यात दोन्ही बाजूंच्या गादीची रुंदी मिळवते.

माझं मत स्पष्ट आहे: फीसाठी असं एकच माप निवडा, जे कोणत्याही दोन माणसांनी पुन्हा घेतलं तरी जवळपास तेच येईल. कुडू आणि सेबलसाठी लांब शिंगाची लांबी, बफेलोसाठी पसारा. एससीआयच्या बेरजेत चार मापं असतात, म्हणजे चुकायला चार जागा. पाहुण्याला एससीआयच्या नोंदीत नाव हवं असेल तर ते मोजमाप अधिकृत मापकाकडून स्वतंत्र होऊ द्या. त्याचा बिलाशी संबंध नको.

पद्धत निवडली की तिच्याखाली हे सहा मुद्दे लिहून काढा:

- शिंग कुठून मोजायचं: बुडाच्या पुढच्या बाजूच्या सर्वांत खालच्या बिंदूपासून, की मागून.
- लांब शिंग धरायचं की दोघांची सरासरी.
- टोक तुटलेलं असेल तर काय.
- टेप कोणता. पाव इंच रुंदीचा लवचीक स्टीलचा टेप घ्या. शिंप्याचा कापडी टेप ताणला जातो, तो शेडमध्ये नकोच.
- अपूर्णांक: एक अष्टमांश इंचापर्यंत मोजा आणि मधलं माप नेहमी खाली उतरवा.
- मोजायचं कधी: ताजं असताना की उकळून सुकल्यावर.

शेवटच्या मुद्द्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. कवटी उकळली की पोकळ शिंगं आतल्या हाडावरून सुटतात. पुन्हा बसवताना ती थोडी आत-बाहेर होतात, आणि बफेलोचा पसारा त्यामुळे बदलू शकतो. म्हणून फीचं माप उकळण्याआधी, त्याच दिवशी घ्या आणि करारात "ताजं माप अंतिम" असं लिहा. पाहुण्याला महिन्यांनी टॅक्सिडर्मीवाल्याकडून (ट्रॉफी भरून टिकवणाऱ्याकडून) वेगळा आकडा कळला तरी फी बदलत नाही, हे त्याला आधीच माहीत असलं पाहिजे.

तपासा: तुमची पद्धत कागदावर लिहून शेडमधल्या दोन कामगारांना द्या. दोघांनी एकमेकांना न विचारता एकच जुनी कवटी मोजायची. पाव इंचाहून जास्त फरक आला तर वाक्यरचना पुन्हा लिहा.

## ३. नोंदींतून सीमा शोधणं

आता जुन्या नोंदी मापाच्या चढत्या क्रमाने लावा. तुमच्या जमिनीवर नेहमी मिळणारं जनावर कुठे पडतं ते बघा. शेजारच्या फार्मचे स्लॅब उचलण्यात हाच धोका असतो. त्यांच्याकडे ५५ चे कुडू नेहमीचे असतील, तुमच्याकडे ते क्वचित.

मग पीएचचा अंदाज आणि खरं माप यांतला फरक प्रत्येक ओळीत काढा. अनुभवी पीएचसुद्धा कुडूच्या बाबतीत दोन इंच इकडे-तिकडे होऊ शकतो. खोल पिळाचं शिंग बाजूने आखूड दिसतं आणि उघड्या पिळाचं लांब. हा फरक तुमच्या स्लॅबची रुंदी ठरवतो. स्लॅब अंदाजातल्या चुकीच्या किमान दुप्पट रुंद हवा. चूक दोन इंचांची असेल तर स्लॅब चार इंचांचा. दोन-दोन इंचांचे स्लॅब कागदावर बारकाईने केल्यासारखे दिसतात, पण मैदानात त्यांचा अर्थ असा होतो की आपण कोणत्या दराला होकार देतोय हे पाहुण्याला कधीच कळत नाही.

सीमा ठेवताना रेकॉर्डच्या पुस्तकाचा आकडाही लक्षात घ्या. रोलँड वॉर्डमध्ये कुडूची किमान नोंद ५३ ७/८ इंचांची आहे, सेबलची ४१ ७/८, बफेलोची ४२. सीमा नेमकी ५४ वर ठेवली तर ५३ ७/८ चा कुडू पुस्तकात जातो पण खालच्या स्लॅबमध्ये राहतो, आणि मालकाला तोटा झाल्यासारखं वाटतं. थोडी खाली ठेवली तर पाहुण्याला वाटतं, पुस्तकात न बसणाऱ्याचे जास्त पैसे घेतले. यापेक्षा पुस्तकाचा आकडा स्लॅबच्या मधोमध येईल असं पाहा. कुडूसाठी ५२ च्या आत, ५२ ते ५६ च्या आत, आणि ५६ व त्यावर असे तीन स्लॅब त्यासाठी सोयीचे आहेत.

तीनपेक्षा जास्त स्लॅब शक्यतो नकोत.

सावधान: "५२ ते ५६" आणि "५६ ते ६०" असं कधीही लिहू नका. ५६ चं जनावर दोन्हींत बसतं. "५२ किंवा जास्त, पण ५६ पेक्षा कमी" असं लांबलचक लिहा.

## ४. किंमत: खालच्या दोन स्लॅबवर लक्ष

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. विजेच्या बिलात पुढचा स्लॅब लागला की फक्त वरच्या युनिटना वाढीव दर लागतो. ट्रॉफी फीच्या स्लॅबमध्ये मात्र सीमा ओलांडली की पूर्ण फी बदलते. म्हणूनच अष्टमांश इंचावर भांडण होतं.

पुढचे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नाहीत. समजा तुमच्या नोंदीत २० कुडू आहेत: ५२ च्या आत ९, मधल्या स्लॅबमध्ये ८, वरच्या स्लॅबमध्ये ३. दर अनुक्रमे २,५००, ३,१०० आणि ४,००० डॉलर. एकूण होतात २२,५०० अधिक २४,८०० अधिक १२,०००, म्हणजे ५९,३०० डॉलर. याच वीस जनावरांना सरसकट ३,००० लावले असते तर ६०,००० मिळाले असते. स्लॅबचा सगळा खटाटोप करून हातात ७०० डॉलर कमीच आले.

याचा अर्थ स्लॅब वाईट असा नाही. २,५०० च्या खालच्या दराने जास्त पाहुणे येतील, हेही मोलाचं आहे. पण ही बेरीज केल्याशिवाय दर छापायचे नाहीत. मग प्रत्येक स्लॅब शंभराने हलवून बघा. वरचा स्लॅब शंभराने वाढवला तर हंगामात ३०० डॉलर वाढतात, मधला वाढवला तर ८०० आणि खालचा वाढवला तर ९००. बहुतेक आउटफिटर आपलं सगळं डोकं वरच्या स्लॅबच्या झगमगत्या आकड्यात घालवतात, आणि धंदा खालच्या दोन स्लॅबवर चालतो.

दुसरा मार्ग म्हणजे मूळ फी आणि वरच्या प्रत्येक इंचामागे ठराविक रक्कम. उदाहरणार्थ ५० इंचांपर्यंत २,५००, पुढे दर इंचाला १००. यात सीमेची उडी नसते. अष्टमांश इंचाची चूक साडेबारा डॉलरची, त्यावर कुणी भांडत नाही. अडचण एकच: पाहुण्याला अखेरचं बिल आधी कळत नाही. म्हणून वर कमाल मर्यादा लिहाच. ज्यांच्याकडे मोजणी शिस्तीत होते त्यांनी हाच मार्ग घ्यावा असं मला वाटतं. ज्यांच्याकडे रोज वेगळा माणूस मोजतो त्यांनी रुंद स्लॅब ठेवावेत.

आता जमीनमालकाचा हिशेब. त्याचे स्लॅब आणि तुमचे स्लॅब एकाच पद्धतीवर, एकाच मापावर आणि एकाच सीमांवर हवेत. मालक लांब शिंग धरतो आणि तुम्ही सरासरी लांबी, असं झालं तर एकाच कुडूसाठी तुम्ही मालकाला वरच्या स्लॅबचे पैसे द्याल आणि पाहुण्याकडून खालच्या स्लॅबचे घ्याल. पद्धती उलट असतील तर याच्या उलट. दोन्हींत कुणीतरी दुखावतो. मालकाशी बोलणी दरपत्रक छापण्याआधी व्हायला हवीत.

चलन आणि कर शेवटी. मालकाला रँडमध्ये द्यायचे आणि पाहुण्याकडून डॉलर घ्यायचे असतील तर विनिमयाचा दर कोणत्या दिवसाचा हे लिहा. दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया दोन्हीकडे व्हॅट १५ टक्के आहे. दाखवलेल्या रकमेत तो धरला आहे की नाही, हे प्रत्येक पानावर दिसू द्या.

## ५. करारातल्या अटी

दक्षिण आफ्रिकेत परदेशी शिकाऱ्याबरोबर परवानाधारक पीएच लागतो, आणि आउटफिटरने शिकारीआधी पाहुण्याशी लेखी करार करायचा असतो. स्लॅबच्या अटी त्या करारातच हव्यात. कॅम्पमधल्या भिंतीवर लावलेला कागद किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पुरत नाही.

जखमी होऊन न सापडलेलं जनावर. रक्त दिसलं की फी लागते हा आफ्रिकेतला सर्वमान्य रिवाज आहे. पण जे मोजताच येत नाही त्याचा स्लॅब कोणता? "पीएचने गोळीआधी जाहीर केलेला स्लॅब" असं लिहा. तो जाहीर झाला नसेल तर सर्वांत खालचा. यामुळे पीएचला अंदाज मोठ्याने सांगायची सवय आपोआप लागते. जनावर पुढे सापडलं तर मोजून फरक चुकता करायचा. किती दिवसांपर्यंत, तेही लिहा.

अंदाजापेक्षा मोठं निघालं तर. पाहुण्याने मधल्या स्लॅबला होकार दिला आणि टेपवर वरचा निघाला. माझा सल्ला: जाहीर स्लॅबच्या वर काही निघालं तर वाढीव फरकाच्या निम्मी रक्कमच घ्या, आणि ही अट दरपत्रकात छापा. चूक तुमच्या पीएचची आहे, जनावर मात्र पाहुणा घेऊन जाणार आहे. ओझं दोघांनी उचलणं न्याय्य आहे. खालचा स्लॅब निघाला तर सरळ खालची फी.

सीमेवरची सवलत. माप सीमेच्या वर पाव इंचाच्या आत असेल तर खालचा स्लॅब लावायचा. हे मेहेरबानी म्हणून करू नका, नियम म्हणून लिहा. मेहेरबानी एका पाहुण्याला मिळते, दुसऱ्याला नाही, आणि कॅम्पमध्ये शेकोटीभोवती सगळं कळतं.

वयाची अट. खालच्या स्लॅबमध्ये एक मोठा धोका लपलेला असतो: तो कोवळ्या नरासाठी सवलत बनतो. कुडूची शिंगं अडीच पीळ पूर्ण व्हायला साधारण सहा वर्षं लागतात. "अडीच पीळ पूर्ण नसलेला कुडू दाखवला जाणार नाही" असं स्वच्छ लिहा. बफेलोत कपाळावरची गादी पूर्ण कडक झालेली असणं हीच अट. उलट बाजूने, झिजलेल्या टोकांच्या म्हाताऱ्या नरासाठी वेगळी सरसकट फी ठेवा. म्हणजे कळपाच्या दृष्टीने योग्य जनावर टिपणाऱ्या पाहुण्याला आणि पीएचला दोघांनाही समाधान मिळेल.

पीएचचा मोबदला. हा माझ्या मते या संपूर्ण कामातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. जो माणूस अंदाज सांगतो, त्याला मोठ्या स्लॅबवर कमिशन नको. पीएचला दिवसाचा पगार द्या. वरच्या स्लॅबमागे त्याला टक्का मिळत असेल तर त्याचा प्रत्येक अंदाज संशयास्पद होतो, तो प्रामाणिक असला तरी. आणि ज्याच्या शब्दावर पाहुणा ट्रिगर दाबतो, त्याच्यावर संशय येणं कुणालाच परवडत नाही.

तपासा: करार पाहुण्याने घरून निघण्याआधी वाचला आणि सही केला आहे का? विमानतळावरून कॅम्पकडे जाताना गाडीत घेतलेली सही वाद मिटवत नाही.

## ६. मैदानात: गोळीआधीचे तीन शब्द

इथे काम थोडं आहे, पण ते चुकलं तर आधीचे पाच टप्पे व्यर्थ जातात. पीएच दुर्बिणीतून जनावर बघतो, वय ठरवतो, मग स्लॅब सांगतो: "मधला स्लॅब, पक्व." पाहुणा "हो" किंवा "नको" म्हणतो. ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा, ऐकतो. तेव्हा इंचांचा आकडा सांगू नका, स्लॅबच सांगा. "चोपन्न असेल" असं ऐकलेला पाहुणा शेडमध्ये त्या आकड्याला चिकटून बसतो.

पाहुण्याला आपली वरची मर्यादाही आधी कळवू द्या. "वरच्या स्लॅबचं जनावर मला दाखवूच नका" असं पहिल्या संध्याकाळी फॉर्मवर लिहून घ्या. अनेकांना हे तोंडाने सांगायला संकोच वाटतो.

अंदाजासाठी पीएचकडे खुणा असतात. बफेलोचे कान आडवे पसरले की टोकापासून टोकापर्यंत साधारण ३२ ते ३४ इंच भरतात. शिंगं त्याबाहेर किती जातात त्यावरून पसारा कळतो. जनावर सरळ समोर बघत असेल तेव्हाच ही खूण चालते, मान वळवलेली असेल तर नाही.

## ७. शेडमधली मोजणी

क्रम असा ठेवा. आधी जनावराला क्रमांकाचा टॅग, मग फोटो, मग मोजणी, शेवटी कातडी काढणं. दोन माणसं स्वतंत्रपणे मोजतील आणि आपापले आकडे वेगळ्या कागदावर लिहतील. पाव इंचापर्यंतचा फरक असेल तर कमी माप घ्यायचं, त्याहून जास्त असेल तर तिसरा माणूस. पाहुणा तिथे उभा असू द्या. त्याला स्वतः टेप धरू द्यायला हरकत नाही, पण नोंद मापकाचीच.

नोंदीच्या कागदावर तारीख, फार्म, प्राणी, नर-मादी, टॅग क्रमांक, डावी आणि उजवी लांबी, घेर, जाहीर केलेला स्लॅब, निघालेला स्लॅब, फी आणि तिघांच्या सह्या. जाहीर स्लॅबचा रकाना विसरू नका. पुढच्या वर्षी सीमा ठरवताना तोच कामाला येतो.

सावधान: टेप शिंगाच्या खोबणीत दाबला की माप वाढतं आणि कडेवरून उडवत नेला की घटतं. पिळाच्या कडेवर खडूने ठिपके घाला आणि त्यांवरून टेप न्या.

## ८. हंगेरीत: किलो आणि ग्रॅम

रेड डिअर आणि रो डिअर या हरणांच्या शिकारीला हंगेरीत गेलात तर इंच विसरा. तिथे फी शिंगांच्या वजनावर असते: रेड डिअरची किलोत, रो डिअरची ग्रॅममध्ये. अनेक दरपत्रकांत प्रत्येक वजन-स्लॅबला एक मूळ रक्कम आणि पुढच्या दर दहा ग्रॅमला ठराविक युरो असतात, म्हणजे वर सांगितलेली बिनउडीची पद्धत. ट्रॉफी तिथल्या अधिकृत परीक्षणापुढे मांडावी लागते, त्यामुळे वजनाचा आकडा आउटफिटरच्या हातात राहत नाही. वाद कमी होण्याचं ते मोठं कारण आहे.

क्रम इथे आफ्रिकेच्या उलट आहे. वजन उकळून स्वच्छ केल्यानंतर करतात, आणि दरपत्रकं सहसा २४ तासांनंतरचं वजन धरतात. ताजं वजन पाण्यामुळे जास्त भरतं. कवटी कशी कापली हेही बघा. रो डिअरची पूर्ण कवटी ठेवली तर साधारणपणे ९० ग्रॅम वजा करतात. लहान ट्रॉफीत ९० ग्रॅम म्हणजे एक-दोन स्लॅबचा फरक. पाहुण्याला पूर्ण कवटी हवी असेल तर ही वजावट बिलावर स्वतंत्र ओळीत दिसली पाहिजे. मेडलचे गुण, म्हणजे रेड डिअरला १७० ला कांस्य, १९० ला रौप्य, २१० ला सुवर्ण, ही वेगळी गोष्ट आहे. ते गुण आणि फीचं वजन एकमेकांत मिसळू नका.

## ९. बिल आणि वर्षअखेरची उजळणी

बिलात दिवसाचा दर, ट्रॉफी फी, डिप-अँड-पॅक (ट्रॉफी जंतुनाशकात बुडवून पाठवण्यासाठी बांधणं), टॅक्सिडर्मी आणि वाहतूक यांच्या ओळी वेगळ्या ठेवा. ट्रॉफी फीच्या ओळीत टॅग क्रमांक, माप आणि स्लॅब लिहा. पाहुणा कॅम्प सोडण्याआधी ही ओळ मान्य करून सही करेल असं बघा.

पाहुणा भारतातून आला असेल तर "घरपोच" हा शब्द दरपत्रकात कुठेही येऊ देऊ नका. भारतात शिकारीला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ने बंदी आहे, आणि बाहेरून ट्रॉफी आणणं हा परवानग्यांचा स्वतंत्र विषय आहे. सगळ्या परवानग्या हातात आल्याशिवाय वाहतुकीचे पैसे घेऊ नयेत.

हंगाम संपला की नोंदी पुन्हा चढत्या क्रमाने लावा. तीन गोष्टी बघा. जाहीर आणि निघालेला स्लॅब किती वेळा जुळला? दहापैकी तीनपेक्षा जास्त वेळा चुकत असेल तर स्लॅब अरुंद आहेत. जखमी-बेपत्ता जनावरं कोणत्या स्लॅबची होती? आणि वरच्या स्लॅबमध्ये जाणाऱ्या नरांचं सरासरी वय घसरतंय का? हा तिसरा प्रश्न पैशाइतकाच महत्त्वाचा आहे. कॅनडातल्या अल्बर्टात रॅम माउंटनवरच्या बिगहॉर्न मेंढ्यांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मोठ्या शिंगांचे नर सतत टिपले गेल्याने पुढच्या पिढ्यांची शिंगंच लहान होत गेली. वरच्या स्लॅबमध्ये तरणे नर जायला लागले, तर त्या स्लॅबची फी वाढवून उपयोग नाही. तो स्लॅब काही हंगाम बंद ठेवा आणि म्हाताऱ्या नरांच्या सरसकट फीकडे पाहुणे वळवा.

नवे दर छापताना लागू होण्याची तारीख ठळक टाका. त्या तारखेआधी आगाऊ रक्कम भरलेल्या प्रत्येक बुकिंगला जुने दर, जुन्या सीमा आणि जुनीच मोजण्याची पद्धत लागू राहील, हेही त्याच पानावर लिहा.